हॅरो लेनचं शेवटचं गाणं

कोपरीच्या रत्नदीपकडे इंग्रजी गाण्यांचा विषय काढू नये, हे त्याच्या ओळखीतल्या सगळ्यांना अनुभवाने कळलं होतं. त्याची मतं पक्की होती आणि ती न विचारता मिळत. निवडक हिट गाण्यांचा अल्बम घेणारा माणूस म्हणजे पंगतीत बसून नुसती जिलबी उचलणारा. ऐंशीनंतरच्या पॉपमध्ये ड्रम वाजवत नाहीत, पत्र्यावर नारळ आपटतात. आणि अल्बम ऐकायचा तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने, मध्ये चहालाही उठायचं नाही. फोनवर तर ऐकायचाच नाही, कारण हे ॲपवाले गाणी पत्त्यांसारखी पिसतात.

या सगळ्याच्या मुळाशी एकच अल्बम होता. 'हॅरो लेन' नावाच्या विलायती बँडचा 'लो टाइड संडे'. रत्नदीप दहावीत असताना थोरला भाऊ उत्तम विठ्ठलवाडीला रेडिओदुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. कुणाची तरी रेकॉर्ड तिथे आली, ती त्याने कॅसेटवर भरून धाकट्याला आणून दिली. गाण्यांची नावंही त्यानेच बॉलपेनने लिहिली. सात गाणी नुसती दणदणाटाची आणि आठवं, शेवटचं, संथ, एकट्या पियानोवरचं. एवढा धिंगाणा घालून शेवटी असं गप्प व्हायला छाती लागते, हे रत्नदीप गेली पस्तीस वर्षं भेटेल त्याला सांगत होता. या रविवारी डोंबिवलीच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या मंडळात तो याच शेवटावर तासभर बोलणार होता. त्याची मतं ऐकायला कुणी आपणहून बोलावण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. कोरा शर्टसुद्धा घेऊन झाला होता.

शनिवारी सकाळी त्याचा मित्र दौलतने त्याला कोलशेतला घरी बोलावून घेतलं. दौलतची शेतं कधीच इमारतींखाली गेली होती आणि त्या पैशांतून त्याच्याकडे भारीतला रेकॉर्ड प्लेअर आला होता. त्यावर तो मनाला येईल तिथे सुई टेकवायचा, आणि ते पाहून रत्नदीपचं डोकं उठायचं. आता त्याने हाच अल्बम परदेशातून मागवला होता. उद्या कॅसेट कशाला, अस्सल रेकॉर्डच वाजवू, असं त्याचं म्हणणं.

रत्नदीपच्या धाकाने दौलतने सुई अगदी कडेला ठेवली. आणि पहिलंच लागलं ते पियानोचं गाणं.

बाजूसुद्धा नीट बघून लावता येत नाही का, म्हणून रत्नदीपने त्याला झापलं. दौलतने निमूटपणे बाजू उलटली. तिथे पियानो नव्हताच, आणि ती बाजू संपली ती टाळ्या नि शिट्ट्यांच्या एका उडत्या गाण्यावर. रत्नदीप म्हणाला, रेकॉर्डच चुकीची छापलीय. कव्हरवरही तोच क्रम निघाला, तर म्हणे कव्हर छापणारा गाढव. मग दौलतने फोन पुढे केला. त्यातही तेच.

"आरं, आख्खा जग चुकला नि तुजी एकट्याची कॅसेट बरोबर?" दौलत म्हणाला.

रत्नदीपने तिथूनच विठ्ठलवाडीला दादाला फोन लावला. बँडचं नाव तीनदा सांगावं लागलं, तरी दादाला ते आठवेना. कॅसेट मात्र आठवली. त्या वर्षी रत्नदीप रात्री अभ्यास संपला की टेप कानाशी घेऊन पडायचा, बाजू संपली की उलटायचा, पुन्हा उलटायचा. डोळे लाल व्हायचे आणि आई काळजी करायची.

"म्हणून ते हळू गाणं होतं ना, ते मी शेवटी टाकलेलं," दादा म्हणाला. "म्हटलं, तेवढ्यात तरी झोपेल हा."

मग मात्र रत्नदीपचा तोल सुटला. अल्बमचा क्रम असा कुणी मोडतो का, गाण्यातलं काही कळत नसताना हात लावावाच कशाला, या शेवटासाठी मी अर्ध्या ठाण्याशी वैर घेतलं, आता उद्या चाळीस माणसांपुढे काय सांगू, कुठे तोंड लपवू? दादाने सगळं ऐकून घेतलं.

"मला नाय कळत गाण्यातलं," तो शेवटी म्हणाला. "पण झोप लागायची ना तुला?"

लागायची. रोज लागायची. दहावीचं ते सगळं वर्ष रत्नदीप त्याच गाण्यावर झोपला होता. त्याला रडू येत होतं, आणि दौलतसमोर येत होतं म्हणून त्याचाही वैताग येत होता.

"लागायची," तो म्हणाला. "उद्या पाच वाजता डोंबिवलीला ये. उशीर करू नको. मला तासभर तुझ्याबद्दल बोलायचंय."