हनुमंताची सही

मोनिकाच्या शेळ्या तुरीत घुसल्या आणि भांडणाला तोंड फुटलं.

भादव्याचं ऊन होतं. पावसानं उघडीप दिली होती आणि डोंगराकडच्या मुरमाड रानातून नुसत्या वाफा निघत होत्या. चांगुणा आणि मी, तिची शेजारची वहिनी, तिच्या भावाच्या बाजरीत कणसं खुडत होतो. शेळ्या दिसल्या तशी चांगुणा हातातल्या विळ्यासकट पळाली.

“ए मोनिके! डोळं फुटलं का तुजं? सगळं शेंडं खाल्लं की गं!”

“मुकी जनावरं हायती आत्या. त्यास्नी बांध कळतो व्हय?”

“त्यास्नी न्हाई कळत, पर तुला कळतंय न्हवं? झाडाखाली मोबाईल बघत बसतीस. आईबापानं हेच शिकवलं का?”

मोनिका आमच्या वस्तीवरची धाकटी सून. तिचं माहेर सोनईकडचं, चांगुणाच्या सासरच्याच गावचं. आईबापावर गेल्यावर तीही पेटली.

“माज्या माहेराचं नाव काढू नगा. आमच्या गावानं तुमाला घटस्फोट देऊन मोकळं केलंय. कोर्टाचा कागद दावून कल्याणमामानं रीतसर दुसरी केली. आन् तुमी अजून त्याचं डोरलं घालून हिंडताय!”

चांगुणा हसली. अगदी खरं हसली.

“मला नांदवत न्हाईत हे समद्यास्नी ठाऊक हाय. पर घटस्फोट कवा झाला गं, आन् दुसरी कवा केली? माज्याबिगर?”

मोनिकानं जीभ चावली. शेळ्या हाकीत निघून गेली. भांडताना आमची मोनिका कधी मागं सरत नाही. तिचं ते मुकाट जाणं बघूनच चांगुणाचं हसू उतरलं.

चांगुणाला कावीळ झाली तेव्हा नवऱ्यानं, कल्याणनं, तिला माहेरी आणून सोडली होती. “बरी झाली की न्यायला येतो,” म्हणाला. ती बरी झाली, पण न्यायला कुणी आलं नाही. आईबाप आधीच गेलेले. थोरला भाऊ हनुमंत आणि आरतीवहिनी यांच्या घरात ती राहिली, पण फुकट खात नव्हती. रान तिनं ओढलं. हनुमंताची लेक सृष्टी तर तिच्याच कडेवर वाढली. दिवाळीनंतर ती आमच्या भावकीतल्या भागवत मुकादमाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीदाराविना एकटीच, ऊस तोडायला जायची आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला यायची.

मागच्या वैशाखात सृष्टीचं लग्न झालं ते कल्याणच्या चुलतभावाच्या पोराशी. चांगुणाला केवढा हरिख झाला होता! मला म्हणाली, “वहिनी, सोयरीक पुन्यांदा जुळली. आता मलाबी बोलवणं येतंय बघ.” मांडवात तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. सासूच्या पाया पडली. कल्याण पंगतीला बसला होता, तर त्याच्या ताटात तिनं स्वतः जिलेबी वाढली.

भांडण झालं त्या संध्याकाळी तिनं हनुमंताला विचारलं. तो गाईची धार काढत होता.

“दादा, मोनिका म्हनती माजा घटस्फोट झालाय.”

“लोकास्नी काय कामधंदा हाय? तू बाजरीचं बघ. पाऊस आला तर काळी पडंल.”

हे बोलताना त्यानं कासेवरून मान उचलली नाही. आरतीवहिनी चुलीपुढून उठली आणि आत गेली.

सकाळी चांगुणा धुतलेलं लुगडं नेसून माझ्या दारात उभी.

“वहिनी, नगरला येतीस का? कोर्टात झालं असंल तर कोर्टात लिवलेलं असंल.”

पाथर्डीवरून एसटी धरली. गाडीवर आता अहिल्यानगरची पाटी आहे, पण कंडक्टरपासून सगळे नगरच म्हणतात. कोर्टाच्या दारातल्या पोलिसानं पिशव्या बघितल्या आणि विचारलं, “केस नंबर?” आमच्याकडं कुठला नंबर! व्हरांड्यात टेबल टाकून एक तरुण वकीलबाई बसली होती, अपूर्वा तिचं नाव. चांगुणानं तिला सगळं सांगितलं. काविळीपासून शेळ्यांपर्यंत, काही गाळलं नाही.

“नंबर नसला तरी चालतं,” अपूर्वा म्हणाली. “नावावरून शोधता येतं. कुणालाही बघता येतं हे.”

तिनं मोबाईलवर चांगुणाचं नाव घातलं. काही निघालं नाही. चांगुणानं केवढा तरी श्वास सोडला.

“मी म्हनलंच. ती पोरगी रागानं बोलली.”

“थांबा ताई. नावं कशीही लिहिलेली असतात. नवऱ्याचं घालून बघू.”

कल्याणचं नाव घातलं आणि निघालं. पुढं चांगुणाचं नाव होतं, पण ‘चंगुना’ असं. खाली निकालाची तारीख. सृष्टीच्या लग्नाच्या आधीच्या माघातली.

“एकतर्फी निकाल आहे,” अपूर्वा हळूच म्हणाली. “म्हणजे तुम्ही हजर नव्हता, म्हणून त्यांचंच ऐकून दिलेला.”

“पर मला बोलवलंच न्हाई की कुनी.”

“बोलावल्याशिवाय निकाल होत नाही. फाईल बघू. निकाल लागलेल्या फायली रेकॉर्ड रूमला असतात.”

रेकॉर्ड रूम मागच्या अंगाला होती. अर्ज लिहिला, त्यावर तिकीट लावलं, आधार कार्ड जोडलं. खिडकीत नृसिंहराव नावाचे वयस्क कारकून होते. चांगुणा हात जोडूनच उभी राहिली, जणू उसनं पीठ मागायला आली होती.

“सायेब, बघू देतील का मला?”

नृसिंहरावांनी चष्म्यावरून बघितलं. “तुमचीच केस आहे ना? मग देतील का म्हणून काय विचारता? हात खाली करा बाई. बसा, काढायला वेळ लागतो.”

वेळ लागलाच. जेवणाची सुट्टी झाली, आम्ही लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. म्हणजे मी खाल्ली. ती नुसती तुकडा मोडत राहिली. दुपार कलल्यावर हाक आली.

चांगुणा सातवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचते. पहिल्याच पानावर कल्याणनं लिहिलं होतं, की बायको कोणतंही कारण नसताना स्वतःहून घर सोडून गेली आणि वारंवार बोलावूनही आली नाही.

“वारंवार,” चांगुणा म्हणाली. तेवढंच म्हणाली आणि पान उलटलं.

पुढं समन्सचा कागद होता. मागच्या बाजूला तो पोचवणाऱ्या कोर्टाच्या बेलीफानं लिहिलं होतं, की सामनेवाली घरी मिळून आली नाही, सबब तिच्यासोबत एकत्र राहणाऱ्या सख्ख्या भावाला समन्स दिलं, त्यानं वाचून, समजून सही केली. खाली सही. ‘ह’ला मोठी शेपटी आणि नावाखाली दोन रेघा.

तिचं बोट त्या रेघांवर थांबलं. मी तारीख वाचली. पौषातली होती. त्या वेळी ती भागवतच्या टोळीत उसाच्या फडात होती.

“मॅडम, भावाला देऊन चालतं का?”

“एका घरात राहणारा सज्ञान माणूस असेल तर चालतं, ताई. कायदा धरून चालतो, की भाऊ बहिणीला सांगेल.”

चांगुणानं मान हलवली. रडली नाही. नकलेचा अर्ज करून आम्ही निघालो. गाडीत खिडकीला डोकं टेकून बसली होती. करंजीचा घाट उतरल्यावर एकदाच बोलली.

“वहिनी, मांडवात समद्यास्नी ठाऊक हुतं. सासूला, त्याला, पंगतीतल्या बायांना. मी जिलेबी वाढत हुते तवा ते हसत हुते. मला वाटलं, मायेनं हसत्यात.”

नक्कल हातात आली त्या दिवशी ती घरी न जाता थेट रानात गेली. हनुमंत बाजरीच्या सरमाडाच्या पेंढ्या बांधत होता. तिनं कागद त्याच्यापुढं धरला.

“ही सही तुजी?”

हनुमंतानं कागद बघितला. मग माझ्याकडं बघितलं, मी जावी म्हणून. मी गेले नाही.

“चांगुणे, ऐकून घे. सृष्टीचं जमत हुतं तवा. त्यांनी सांगितलं, कोर्टात कालवा झाला तर सोयरीक मोडंल. एवढं बागायती घर पोरीला पुन्हा कुठलं मिळालं असतं?”

“मग मला सांगायचं हुतंस. मी सवता सही केली असती पोरीसाठी.”

“तू केली नसतीस.”

“इचारलंस का? एकदा तरी इचारलंस का दादा?”

“अगं, तसाबी तो तुला नेनार हुता का? तुजं काय गेलं? मी काय तुला घराबाहेर काढलं का? खातीस, पितीस...”

“मी राबती,” चांगुणा म्हणाली. “खाती न्हाई नुसती. राबती.”

हनुमंत पुन्हा पेंढीला आळा घालायला लागला. गाठ बसत नव्हती. एका अक्षरानं चुकलो म्हणाला असता तर ती तिथंच खाली बसून रडली असती आणि गोष्ट मिटली असती, असं मला अजून वाटतं. तो म्हणाला, “वस्तीवर बोभाटा करू नगंस.”

त्याच दिवशी तिनं आपलं बोचकं उचललं. आमच्या गोठ्याशेजारी पत्र्याची खोली रिकामी होती, तिथं राहायला आली.

अपूर्वानं तिला समजावून सांगितलं होतं. पोटगी घटस्फोटानंतरही मागता येते. निकाल फिरवायचा अर्ज मात्र अवघड आहे, कल्याणनं दुसरं लग्न केलंय, वर्षं जातील.

“मला त्याच्या घरी जायाचं न्हाई,” चांगुणा म्हणाली. “पर मी सवताहून निघून गेले असं तिथं लिवलंय. ते खोटं हाय. ते तसंच ऱ्हाऊ द्यायचं का?”

“मग भावानं समन्स घेतलं आणि तुम्हाला सांगितलं नाही, हे शपथेवर लिहावं लागेल. त्यांचं नाव येईल.”

चांगुणानं नकलेची घडी घातली, पुन्हा उलगडली. तिच्या कडेवर वाढलेली सृष्टी कल्याणच्याच भावकीत नांदत होती, तोच विचार असणार. मग म्हणाली, “लिवा.”

पोटगीचा हुकूम पुढं उन्हाळ्यात झाला. निकाल फिरवायच्या अर्जाच्या तारखा अजून चालू आहेत. तारखेला चांगुणा स्वतः जाते, कुणाला पाठवत नाही. पण त्याच्या आधीची भाऊबीज सांगायची राहिली.

त्या दिवाळीत तिच्या पत्र्याच्या खोलीकडं माहेरचं कुणी फिरकलं नव्हतं. भाऊबीजेला दिवस मावळता मावळता हनुमंत आला. नवी टोपी घातलेली, हातात लुगड्याची पिशवी. मी दूध द्यायला गेले होते. चांगुणाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिनं भराभरा पाट मांडला, ताटात निरांजन, सुपारी, अक्षदा ठेवल्या, कुंकू कालवलं. वात पेटवताना दोन काड्या विझल्या.

हनुमंत पाटावर बसला आणि खाली बघून म्हणाला, “सृष्टीला त्यांनी दिवाळीला धाडलं न्हाई. म्हनत्यात, आधी अर्ज माघारी घ्या. तू एवढं कर. समन्स मिळालं हुतं, मीच इसरले, असं सांग कोर्टात. मिटून जाईल.”

चांगुणाच्या हातात ताट तसंच राहिलं.

“ह्याच्यासाठी आलास?”

हनुमंतानं पिशवी पुढं सरकवली. “लुगडंबी आनलंय की.”

“सृष्टीला आत्या हाय म्हनावं. तिला कवाबी हितं यायचं असंल, ह्या खोलीत जागा हाय,” चांगुणा म्हणाली. “पर खोटं आता मी बोलनार न्हाई. तुज्यासाठी तर न्हाईच.”

ती पदरानं वारा अडवत ताट घेऊन दारातून बाहेर पडली. अंगणात जाऊन उभी राहिली. डोंगराच्या वर उजेड अजून पुरता गेला नव्हता आणि तिथं बीजेची बारीक कोर टेकली होती. चांगुणानं कोरीकडं तोंड केलं, अक्षदा टाकल्या, आणि ज्यांना भाऊ नसतो त्या बायका ओवाळतात तसं चंद्राला ओवाळायला लागली.

आत हनुमंत पाटावर तसाच बसून होता, टोपी नीट केलेली, कपाळ कोरडं.