बसायला माणूस

एकोणीस वर्षं तो दुसऱ्याच्या सलूनमध्ये तिसऱ्या खुर्चीमागे उभा राहिला. हात असा हलका, की दाढी करता करता गिऱ्हाईक घोरायला लागायचं. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी लोक बाकावर पेपर चाळत त्याच्यासाठी थांबायचे आणि उठताना म्हणायचे, "स्वतःचं दुकान टाक रे. पहिलं गिऱ्हाईक मी!" शाळेतले मास्तर तर दर महिन्याला म्हणायचे. माणूस किती वर्षं नुसतं ऐकून घेईल? चढला बिचारा हरभऱ्याच्या झाडावर.

मालक रागावला नाही. एवढंच म्हणाला, "जा. पण नाही कोणी आलं, तर लोकांवर डूख धरू नकोस."

दोन गल्ल्या सोडून त्याने गाळा घेतला. बायकोने भिंती रंगवल्या, टॉवेलांच्या कडा शिवल्या. पहिल्या दिवशी मेव्हणा आला, शेजारचा चष्मेवाला आला, आणखी दोघं आले. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःचीच दाढी केली, तीही दोनदा.

लोक वाईट नव्हते. रोजच्या वाटेवरचं सलून सोडून वाकडी वाट कोण करणार? पण रस्त्यात गाठ पडली की त्यांची फार पंचाईत व्हायची. कोणाचे केस कोणी कापलेत, ते त्याला नुसत्या मानेवरून कळे. डाव्या कानामागे केसांत पायरी सोडायची, ही तिसऱ्या खुर्चीवरच्या नव्या कारागिराची खोड. मास्तर एकदा भाजीच्या दुकानात भेटले, तर भर उन्हाळ्यात डोक्यावर लोकरीची टोपी.

"सर्दी झालीय रे," मास्तर न विचारताच म्हणाले.

"जपा, मास्तर." टोपीखालून पायरी दिसत होती.

शेवटी सासऱ्यांनी युक्ती काढली. "रिकाम्या दुकानात कुत्रं शिरत नाही. मी बसतो खुर्चीत." डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही, तरी म्हातारा रोज नऊच्या ठोक्याला हजर. गळ्याभोवती कापड, तोंडाला फेस. बाहेर पावलं वाजली की जावयाने वस्तरा उचलायचा. फेस वाळायचा, की पुन्हा लावायचा. आठवड्याभरात म्हाताऱ्याचे गाल सोलवटले.

"मामा, पुरे झालं आता."

"गप! गिऱ्हाइकाशी असं बोलतात?"

आणि एका बुधवारी खरंच दार ढकललं गेलं. अनोळखी माणूस, हातात बॅग, केस कानांवर आलेले. त्याने खुर्चीकडे पाहिलं. "अरेच्चा, नंबर आहे वाटतं. मला गाडी गाठायचीय," म्हणाला आणि वळला.

"अहो, झालंच यांचं!"

सासरे फेसासकट उठले. कापड पायात अडकलं, ते धडपडले, जावयाने त्यांना धरलं. तोवर माणूस कोपरा ओलांडून गेला होता.

म्हातारा परत खुर्चीत बसला नाही. बाकावर बसून टॉवेलने तोंड पुसत राहिला. "माझ्यामुळे गेला," असं तीनदा म्हणाला. नाही म्हणावं, असं जावयाला फार वाटलं. पण त्याने वस्तरा धुऊन ठेवला.

चौथ्या महिन्यात गाळा सोडला. तो जुन्या मालकाकडे गेला, तेव्हा मालकाने आधी चहा पाजला. मग नव्या कारागिराकडे न बघता हळूच म्हणाला, "त्यालाही पोरंबाळं आहेत. कसा काढू?" त्याने मान हलवली. मालकाच्या ठिकाणी तो असता, तर त्यानेही हेच केलं असतं.

आता तो मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनआधी रोग्यांचे केस काढतो. छातीवरचे, पोटावरचे, कधी डोक्यावरचे. तिथे गप्पा नसतात. माणसं छताकडे बघत पडलेली असतात, भीतीने अंग ताठ झालेलं. कोणी त्याच्या तोंडाकडे पाहत नाही.

"बरं आहे ना काम?" पहिल्या आठवड्यात बायकोने विचारलं.

"काम आहे," तो म्हणाला.

तिने ताट वाढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.