लेफाओच्या दारात

१९९१ साली, निवडणुकीच्या आधीच्या महिन्यात, सवाई बेटावरच्या वाईतोआ गावातल्या तरण्या पोरांनी फुआतीनोची डुकरं गोळ्या घालून मारली. त्यातली एक गाभण होती. ती रक्ताचा ओघळ सोडत घराच्या दगडी चौथऱ्यापर्यंत आली आणि पायरीशी कोसळली.

"आता तरी नाव मागे घे, मावशी," सेमो म्हणाला. तो पुलेफोलाऊचा, गावच्या मुख्य प्रमुखाचा मुलगा. "आज डुकरं मारली. उद्याचं मी सांगत नाही."

"गाभणीवर गोळी घातलीस," फुआतीनो म्हणाली. "बापानं सांगितलं होतं, की स्वतःची अक्कल चालवलीस?"

सेमोबरोबरची पोरं खाली बघायला लागली. सेमोने पायरीवर थुंकून पाठ फिरवली.

त्या वर्षी देशातल्या सगळ्या प्रौढ बायका-पुरुषांना पहिल्यांदाच मत मिळालं होतं. तोवर ते फक्त घराण्यांच्या प्रमुखांना असे. उभं राहायला मात्र अजूनही प्रमुखाची पदवी लागायची, आणि फुआतीनोकडे ती होती. चुलता वारल्यावर घराण्याने 'लेफाओ' ही पदवी तिलाच दिली होती. भाऊ आसोमुआ कामाला वाघ, पण डोक्याने तापट, त्याने स्वतःच म्हटलं होतं, "अक्कालाच द्या. मी दिवसाआड कुणाचं तरी डोकं फोडीन."

पण गावसभेने तिला आत बसू दिलं नाही. लेफाओ म्हणून गावात कोणी तिला हाकही मारत नव्हतं. ती आपली फुआतीनोच. तिने ते मुकाट्याने सोसलं असतं. पण आदल्या वर्षीच्या वादळात दवाखान्याचं छप्पर उडालं, सरकारी पत्रे आले आणि ते पुलेफोलाऊच्या घरावर चढले. तिच्या भाचीचं बाळंतपण भर पावसात ताडपत्रीखाली झालं; भाची वाचली नाही. मग सभेने पुलेफोलाऊलाच संसदेत पाठवायचं ठरवलं, तेव्हा फुआतीनोने बोटीने राजधानी गाठली आणि आपला अर्ज भरून आली.

सभेचा निरोप आला: रविवारपर्यंत नाव मागे घ्या, नाही तर गाव सोडा.

"काय करू?" तिने नवऱ्याला विचारलं.

सिपाया डुकराचं मांस खारवत बसला होता. थट्टेखोर माणूस. "आता मागे घेतलंस तर एवढी डुकरं फुकट गेली म्हणायची," तो म्हणाला. "आणि मला तुझ्या भाषणांची सवय झालीय. घरात ऐकतो, ते देशानंही ऐकू दे की."

रविवारी संध्याकाळची प्रार्थना संपली आणि पोरं आली. आधी दगड आले. मग घराला भिंतींऐवजी चारी बाजूंनी असलेल्या झावळ्यांच्या पडद्यांवर रॉकेल पडलं आणि जाळ वाशांना भिडला. कोणीतरी तिच्या केसांना धरून तिला चौथऱ्यावरून खाली खेचलं. तिचा खांदा निखळला. सिपाया मध्ये पडला. सेमोने मारलेला दगड त्याच्या कानशिलावर बसला; तो गुडघ्यांवर आला, तरी बाकीच्यांनी दांडक्यांनी मारणं थांबवलं नाही. फुआतीनो ओरडत होती. आसपासच्या घरांतून सगळं दिसत होतं. कोणी उठलं नाही.

सिपाया रुग्णालयाच्या वाटेवर, ट्रकच्या फळीवर, तिच्या मांडीवर गेला.

पोलिसांनी सेमोला नेलं. सिपायाला मूठमाती दिल्यानंतर तिसऱ्या पहाटे पुलेफोलाऊ क्षमा मागायला निघाला. रीत जुनी आहे: अपराध्याच्या घराण्याचा प्रमुख मानाची चटई डोक्यावरून पांघरतो आणि ज्यांचा माणूस गेला त्यांच्या दारात मान खाली घालून बसतो. मागे त्याची माणसं चुलीचे दगड नि लाकडं घेऊन बसतात. म्हणजे हवं तर आम्हाला भाजून खा. चटई उचलली तर सूड संपला. नाही उचलली, तर झुकलेल्या मानेवर कोयता पडला तरी कोणी विचारायचं नाही.

पुलेफोलाऊ आसोमुआच्या दारात जाऊन बसला.

आसोमुआ कोयता घेऊनच बाहेर आला. रात्रभर त्याने तो घासला होता. मागच्या बायकांनी डोळे मिटून घेतले. आसोमुआने कोयता उगारला. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग त्याने तो सगळ्या ताकदीने शेजारच्या फणसाच्या खोडात हाणला.

"चुकीच्या दारात बसलास, म्हाताऱ्या," तो म्हणाला. "आमच्या घराण्याचा प्रमुख मी नाही."

"पुरुषमाणूस तूच आहेस तुमच्या घराण्यात," चटईखालून आवाज आला.

"ऊठ. नाही तर तो कोयता मी परत काढतो."

मग ती सगळी माणसं दगड-लाकडं उचलून, चटई पांघरलेल्या पुलेफोलाऊला हाताला धरून, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. जळक्या घराच्या चौथऱ्यावर, खांदा बांधून फुआतीनो बसली होती. पुलेफोलाऊ राखेत बसला.

"कुणाकडे आलात?" तिने विचारलं.

"तुझ्याकडे, फुआतीनो."

तिने चटईला हात लावला नाही. सूर्य वर आला. राख तापली. मागची एक म्हातारी घेरी येऊन पडली. फुआतीनोने तिला पाणी पाजलं आणि परत जागेवर येऊन बसली.

"कुणाकडे आलात?"

"सिपायाच्या बायकोकडे. माफ कर, बाई. माझ्या पोरानं तुझा नवरा मारला."

दुपार कलायला लागली. चटईखालून घामाचे थेंब राखेत पडत होते.

"लेफाओ," अखेर पुलेफोलाऊ म्हणाला. मग मागच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "लेफाओच्या दारात आलोय."

तिने चटईचं टोक हातात घेतलं. तोच हात सिपायाच्या रक्ताने भिजलेला तिला आठवत होता, त्यामुळे ते उचलायला तिला फार जड गेलं. पण तिने उचललं.

निवडणूक पुलेफोलाऊनेच जिंकली, पुढचीही. मग मधुमेहाने त्याचे पाय गेले. सेमो पाच वर्षं तुरुंगात होता. सुटल्यावर त्याने बस चालवली, आणि फुआतीनो बसमध्ये चढली की तो आरशात बघायचा नाही. आसोमुआ न्यूझीलंडला कारखान्यात मांस कापायला गेला आणि तिकडेच वारला. दवाखान्यावर पत्रे चढायला आणखी सहा वर्षं लागली.

फुआतीनो आणखी दोनदा उभी राहिली आणि दोनदा पडली. गावसभेत मात्र ती मरेपर्यंत बसली. चौथऱ्यावर तिने पुन्हा घर बांधलं. समोरच सिपायाचं थडगं होतं. त्याच्या गुळगुळीत सिमेंटवर ती कोकोच्या बिया वाळत घालायची आणि कोंबड्या हाकत शेजारी बसून राहायची. अंगणात ऊन तिथेच सगळ्यात जास्त वेळ टिकायचं.