दुसऱ्या फेरीतला कागद

मित्रांनो, मी कॉलेजातली एक जुनी लाकडी पेटी आहे. सुतारकाकांनी मोडक्या बाकाच्या फळ्यांतून मला घडवलं. तोंडाची फट घासूनघासून गुळगुळीत केली आणि म्हणाले, "आता पोटात काहीही पडो, ओकायचं नाही."

माझं काम नाजूक होतं. लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी कॉलेजात एक अभ्यासक्रम सुरू झाला होता. तो शिकवणाऱ्या ताई हट्टी. त्याचा काही उपयोग होतो का, हे त्यांना मुलींना दोनदा विचारायचं होतं: शेवटच्या दिवशी आणि पुन्हा सहा महिन्यांनी. त्या म्हणायच्या, "शेवटच्या दिवशी सगळ्या छानच म्हणतात गं. जेवून उठलेला पाहुणा तोंडावर भाजीला नावं ठेवतो का?"

कागदावर नाव लिहायचं नव्हतं. पण दोन्ही कागद एकाच मुलीचे आहेत हे कळायला हवं, म्हणून ताईंनी खूण ठरवली: आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि आपली जन्मतारीख. मलाही ती युक्ती फार हुशारीची वाटली.

पहिल्या फेरीत माझं पोट 'उत्तम'नी भरलं. प्राचार्यांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. मी फुगले. लाकूड काही नुसतं पाण्यानेच फुगत नाही.

दुसऱ्या फेरीत एक बारीकशी मुलगी माझ्यासमोर घुटमळली. मैत्रिणी तिला पेन्सिल म्हणायच्या.

"टाक की गं! पेटी काय चहाडी करणारे?"

"नाही ना करणार?" तिने मलाच विचारलं, आणि कागद सोडला.

त्यावर लिहिलं होतं: 'प्रयोगशाळेतले सर दार लावून घेतात. शिकवलं तसं मी मोठ्याने नको म्हणाले. शिकवलं तशी तक्रार समितीकडे गेले. समितीत तेच सर बसले होते. पुढे काय करायचं, ते शिकवलेलं नाही.'

ताई यायच्या आधी, भर दुपारी, प्राचार्यांच्या सांगण्यावरून हेडक्लार्कनी मला उघडलं. कागद वाचला आणि प्रवेशाचं रजिस्टर काढलं. त्यात प्रत्येक मुलीच्या आईचं नाव असतं. जन्मतारीखही असते. पाच मिनिटं लागली, मित्रांनो. फक्त पाच.

पेन्सिलच्या वडिलांना बोलावणं गेलं. "मुलगी हुशार आहे हो," प्राचार्य अगदी मायेने म्हणाले, "पण मनाचं फार रचते. घरी राहूनही परीक्षा देता येते." वडील "बरं साहेब" म्हणाले.

जाताना ती माझ्यापाशी थांबली. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती ताईंना एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, कुणाला कळणार नाही."

"रजिस्टर माझ्या डोक्यातच आलं नाही गं," ताई म्हणाल्या, आणि तडक ऑफिसात गेल्या. "तो कागद कुठे आहे?"

"कुठला कागद, ताई?" हेडक्लार्कनी विचारलं.

अहवालात छापून आलं: अभ्यासक्रम यशस्वी, दुसऱ्या फेरीत एकही तक्रार नाही. ताईंनी सही केली नाही. सही नसलेला अहवालही चालतो, हे मला तेव्हा कळलं.

मी आता अडगळीत आहे. आमच्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमची धूळ पुसा. माझी राहू द्या. तुम्ही कधी मोठे होऊन त्या ऑफिसात गेलात, तर आधी त्या सरांना समितीच्या खुर्चीवरून उठवा. मग पेन्सिलला बोलवा, आणि स्वतः त्या खुर्चीत बसून तिला विचारा, काय झालं ते.