साहेबाच्या लेकींचं दूध

आत्याच्या वळूचं नाव साहेब, आणि थाटही तसाच. गोठ्यातल्या बऱ्याचशा गायी त्याच्या लेकी, त्याही त्याच्या नात्यातल्याच गायींच्या पोटच्या. काही तर त्याच्या लेकींना पुन्हा त्याच्यापासूनच झालेल्या. यंदाही तोच ठेवायचा की दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात धाडायचा, एवढं ठरवायला आत्यानं भाचीला बोलावलं होतं. भाची संख्याशास्त्रवाली. रक्त जितकं जवळचं तितकं दूध कमी, हे तिला पाठच होतं. किती कमी, तेवढं काढायचं होतं.

गोठ्यातल्या नोंदींवरून तिनं बांधलेल्या मॉडेलनं तिला तोंडघशी पाडलं. वय, वेत, ऋतू, खुराक, सगळं जमेस धरूनही जवळच्या रक्ताच्या गायीच जास्त दूध देत होत्या.

"मी म्हणत होते ना," आत्या खुशीत म्हणाली. "साहेब कुठंही जात नाही."

भाचीनं मान डोलावली खरी, पण डोक्यातला भुंगा जाईना. कुठंतरी पाणी मुरत होतं. तिनं एकेका गायीच्या रोजच्या दुधाचा आलेख काढला. मागच्या हिवाळ्यात साहेबाच्या लेकींचं दूध एकदम धपकन खाली आलेलं, महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा वर. बाकीच्या गायी ढिम्म. चारा तोच, दूध काढायचं यंत्र तेच, मग बिघडलं काय? असला प्रश्न पडला की भाचीला भूक लागायची. बिस्किटांचा पुडा कधी संपला ते कळलंही नाही.

"आत्या, मागच्या हिवाळ्यात गोठ्यात काय झालं होतं?"

"गोठ्यात काही नाही. मीच नव्हते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं नाही का माझं?"

संध्याकाळी भाची गोठ्यात जाऊन नुसती बघत बसली. आत्या थांबत होती ती साहेबाच्या लेकींपाशीच. कोमट पाण्यानं कास पुसायची, मानेखाली खाजवायची, घरातल्या कागाळ्या सांगायची, आणि पान्हा सुटल्यावरच यंत्र लावू द्यायची. बाकीच्यांचं गडी उरकत होते. भाचीला हसू आवरेना. मॉडेलमध्ये सगळं होतं, आत्याच नव्हती.

तिनं आत्यासाठी एक रकाना वाढवला आणि आकडे ताळ्यावर आले. हसू मात्र मावळलं. साहेबावर आत्याचा किती जीव आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं आडपडदा ठेवला नाही.

"जवळच्या रक्तानं साहेबाच्या लेकींचं रोजचं दीड लिटर जातंय, आत्या. तू त्यांच्याकडून दोन लिटर जास्त काढतेस, म्हणून कुणाला कळलं नाही."

"म्हणजे माझ्या लाडांवर निभावलं."

"हो."

"आणि मी नसले की?"

भाचीनं मागच्या हिवाळ्याचा आलेख तिच्यापुढे धरला. उत्तर त्यातच होतं, आणि ते आत्यालाही दिसत होतं.

आत्यानं फोन लावला. पलीकडच्या गोठेवाल्याला तिनं साहेबाचे गुण एकूण एक सांगितले. "वळू देते," शेवटी ती म्हणाली, "पण तुमच्याकडे त्याच्या नात्यातली एखादी जरी गाय असेल, तर आत्ताच सांगा. मग नाही देणार."