थर्मनची जागा

सहा वर्षांनी ओलीटा बर्कीन मासे धरायला निघाली खरी, पण बोटीत पाय ठेवल्याठेवल्या तिला शिसारी आली. बोट रॉइस आउटलंडची. पुढे दोन स्क्रीन, मागे एक, मधे गुबगुबीत खुर्च्या, आणि रुंद तोंडाच्या बरणीत गुलाबी रंगाचं, लसणाचा भपकारा मारणारं कसलंसं मलम. ते म्हणे गळाला फासायचं, क्रॉपी माशाला तो वास फार आवडतो. रॉइसने हे अशा कौतुकाने सांगितलं की जणू ते मलम त्याने स्वतः घोटलं होतं. सरोवरातल्या माशाला लसणाची चटक कुणी लावली, हा प्रश्न ओलीटाच्या जिभेवर आला होता, तो तिने गिळला.

ती आली होती मुलीच्या कटकटीमुळे. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, आता जरा बाहेर पड, माणसांत मिसळ, असं मुलगी दर फोनला म्हणायची. रॉइस विधुर होता, पेन्शनीत निघाला होता आणि हल्ली चर्चमध्ये बरोबर ओलीटाच्या मागच्या बाकावर बसत होता. गावच्या रीतीप्रमाणे तोही तिला मिस ओलीटाच म्हणे. डॉगवूडला फुलं आली, क्रॉपी काठाकडे सरकू लागल्या, तसं त्याने विचारून टाकलं. ओलीटाला माणसांत मिसळायची मुळीच हौस नव्हती. तिला फक्त मक्याच्या पिठात घोळवून तळलेली ताजी क्रॉपी खायची होती. हॉटेलातल्या माशाला तिला चिखलाचा वास यायचा.

सरोवरावर पाहावं तिकडे बोटी होत्या आणि एकही माणूस पाण्याकडे बघत नव्हता. दाढ्यामिशा असलेले बाप्ये माना खाली घालून स्क्रीनमध्ये डोळे खुपसून उभे. त्यात मासे ठिपक्यांसारखे हलताना दिसतात, मग त्या ठिपक्याच्या नाकापुढे गळ नेऊन सोडायचा. शेजारच्या बोटीतल्या एका दांडगटाने एक क्रॉपी वर ओढली, मनासारखी मोठी निघाली नाही म्हणून खांद्यावरून मागे भिरकावली आणि परत स्क्रीनमध्ये तोंड घातलं. मासा पोट वर करून तरंगत राहिला. ओलीटाने तोंड फिरवलं.

"मजा आहे की नाही?" रॉइसने विचारलं.

"दवाखान्यात पोटाचा फोटो काढतात, तसं दिसतंय," ती म्हणाली. "तिथंही मला मजा आली नव्हती."

थर्मन असता तर त्याने असला प्रकार पायरीलाही उभा केला नसता, असं तिच्या मनात आलं. तिच्या मनात दिवसातून चारदा तरी हे यायचं. तिचा नवरा गळ आणि तरंगा एवढ्यावर मासे धरायचा. सिडारच्या फांद्या तारेने बांधून त्याने पाण्यात कुठेतरी माशांसाठी आसरा करून ठेवला होता, आणि ती जागा त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही. इथे सगळेच आपापली जागा जपतात, पण थर्मनने बायकोपासूनही जपली. निघताना तो तिला मागे तोंड करून बसवायचा. "तुझ्या पोटात काही राहत नाही, ओली," म्हणायचा. तीही हसून पाठमोरी बसायची, कारण तो मुळात भला माणूस होता.

आणि भलेपणाचा पुरावा तिच्याकडे होता. वीस वर्षांपूर्वी वसंतात वादळ आलं, त्यात नेल्डा फ्युट्रेलचं पत्र्याचं घर उडालं. नेल्डा नवऱ्यासह आणि तीन पोरांसह बहिणीच्या एका खोलीत येऊन पडली. ओलीटाच्या आईचा लोखंडी पलंग तेव्हा कोठारात पडून होता. ओलीटा त्याला कुणाला हातही लावू देत नसे. एका सकाळी थर्मनने तो ट्रकमध्ये घातला, संध्याकाळी रिकामा ट्रक घेऊन आला आणि म्हणाला, "नेल्डाला दिला. जमिनीवर झोपते बिचारी. आणि तिच्यापाशी विषय काढू नकोस हं, तिला उगाच ओशाळं वाटेल." ओलीटा दोन दिवस धुमसली, मग तिला स्वतःची लाज वाटली, मग नवऱ्याचा अभिमान वाटायला लागला. एवढं मन आपल्याला देवाने दिलं नाही, असं ती मुलीला कैकदा म्हणाली होती.

विषय तिने काढला नाही, पण वाट पाहिली. नेल्डा कधीतरी येईल, हात धरेल, दोन शब्द बोलेल. नेल्डा भेटायची, हवापाण्याचं बोलायची, ओलीटाच्या हातच्या केकची तारीफ करायची आणि निघून जायची. पलंगाचं अवाक्षर नाही. वर्ष गेलं, दहा गेली, आणि ओलीटाला त्या बाईचा असा वीट आला की तिचं हसणंसुद्धा ओंगळ वाटायला लागलं. काही लोकांना फक्त घेता येतं, असं ती बायकांत बोलून दाखवायची. नेल्डाचा नवरा सोडून गेला तेव्हा सगळ्या बायका भांडी भरभरून जेवण घेऊन गेल्या, ओलीटा गेली नाही. शाळेच्या स्वयंपाकघराची ती मुख्य होती. नेल्डा तिथे काम मागायला आली, तेव्हा तिने दुसरीच बाई घेतली. कृतघ्न माणसाच्या हातचं पोरांना खाऊ घालू नये, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

रॉइस बोट हळूहळू हाकत पाण्याखाली काय काय आहे ते स्क्रीनवर चाचपत होता. ओलीटाने कंटाळून, जुन्या सवयीने, मागे तोंड केलं. आणि ती थबकली. दूरवर गावाची पाण्याची टाकी धान्याच्या कोठीला अगदी चिकटून दिसत होती आणि धक्क्यावरचं सायकामोरचं झाड त्यांच्या बरोबर खाली आलं होतं. इतके वसंत तिने हेच बघत गळ टाकला होता. पुढचं काही ठाऊक नसलं तरी थर्मनच्या जागेचं मागचं सगळं तिला पाठ होतं.

"थांबा," ती म्हणाली. "इथेच आहे."

"आहेच तर!" रॉइस स्क्रीनकडे बोट दाखवत खिदळला. "या, बघा मिस ओलीटा. कुण्या पठ्ठ्याने अख्खी झोपायची खोली बुडवलीय."

तिने वाकून पाहिलं. तपकिरी पडद्यावर आधी फांद्यांचा गुंता दिसला. त्यातून वर आलेला कमानदार कठडा दिसला आणि त्याची लांब सावली तळावर पडलेली दिसली. सावलीत एकेक गज मोजता येत होता, फक्त मधे दोन गजांची जागा रिकामी होती. ओलीटाचा धाकटा भाऊ डब चार वर्षांचा असताना त्याचं डोकं आईच्या पलंगाच्या गजांत अडकलं होतं. तो बोंब मारत होता, आई रडत होती आणि वडिलांनी करवतीने दोन गज कापून त्याला सोडवला होता.

तिने रॉइसला पुन्हा एकदा त्यावरून जायला सांगितलं. मग आणखी एकदा. पायाकडचा कठडाही दिसला. थर्मनने पलंग नीट उभा करून सोडला होता. काम तो नेहमीच चोख करायचा.

"गळ द्या इकडे," ती म्हणाली. "ते मलम नको."

सहा वर्षांत हात काही विसरला नव्हता. दोरी सोडताना बोटाला तळ कळला, मग कठडा कळला, तिने काठीचं टोक वीतभर उचललं आणि थांबली. टिचकी मारल्यासारखं झालं. तिने झटका दिला नाही, क्रॉपीचं तोंड कागदासारखं फाटतं. अलगद वर घेतली. पंज्याहून रुंद, चंदेरी, अंगभर काळे ठिपके. एकामागून एक आईच्या पलंगातून येतच राहिल्या. दरसाल ती हेच मासे तळायची, थर्मन टेबलाशी डोळे मिटून प्रार्थना म्हणायचा, गरिबांना विसरू नये असं त्यात न चुकता म्हणायचा, आणि मग पहिला तुकडा उचलायचा. ओलीटाला उमाळा आला तो रडण्याचा नव्हता. ती काठावरून वाकली आणि सकाळची कॉफी सरोवरात गेली.

"बोट लागली का हो?" रॉइसने घाबरून विचारलं.

"नवरा लागला," ती तोंड पुसत म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. त्याने जागा यंत्रात साठवू का, असं मात्र अदबीनं विचारलं, कारण जागा तिने दाखवली होती.

"साठवा. आणि गावभर वाटा. तो मघाचा दांडगट आहे ना, त्यालाही द्या."

धक्क्यावर रॉइसने मासे साफ करायला विजेची सुरी काढली. तिने ती त्याला ठेवून द्यायला लावली, स्वतःच्या सुरीने सगळ्या क्रॉपी सोलल्या, तुकडे बर्फाच्या पिशवीत घातले आणि मला नेल्डा फ्युट्रेलकडे सोडा म्हणाली.

नेल्डा ओसरीवर कमरेला पट्टा बांधून बसली होती. ओलीटाला पायऱ्या चढताना बघून ती भिंतीला धरून उठली आणि आधी तिला वाटलं, कुणी गेलं की काय. ओलीटाने पिशवी पुढे केली नाही. ती तशीच उभी राहिली.

"नेल्डा, त्या वादळानंतर तू झोपायचीस कशावर?"

"हे काय मधेच?" नेल्डा हसली. "जमिनीवर, मिस ओलीटा. दोन हिवाळे काढले. पलंग होता तो बहिणीला. पाठ माझी तेव्हाच गेली, बघा, ती गेलीच. का हो?"

ओलीटाने पिशवी दिली. नेल्डाने ती उघडून पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. तिच्या दारात इतक्या वर्षांत ओलीटा बर्कीनने कधी पाय ठेवला नव्हता.

"माझ्यासाठी? थँक्यू, मिस ओलीटा. खरंच थँक्यू. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

हात धरून म्हणाली. अगदी जसं ओलीटाने वीस वर्षं मनात ऐकलं होतं, तसंच. ओलीटाच्या हातांना माशांचा वास येत होता आणि तो हात सोडवून घ्यावा की नाही, हे तिला कळेना.

"आत या ना," नेल्डा म्हणाली. "तेल तापवते. दोघी गरमगरम खाऊ."

त्या माशाचा एक घास तिच्या घशाखाली उतरणार नव्हता. ओलीटाने रॉइसला जा म्हणून खूण केली आणि ती जेवायला आत गेली.