समोरच्या काठावरची अंबू

दारणा नदीला जिथं गुडघाभर पाण्यातून बैलगाड्या पार व्हायच्या, त्या उताराशी वस्ती झाली आणि तिला उतारवाडी नाव पडलं. बयाबाई तिथं सून म्हणून आली. पुढं वडिलांनी धाकट्या अंबूबाईला मुद्दाम समोरच्या काठावर दिलं. "मधी उतार हाय, लेकी लांब नाय," म्हणायचे. तसंच होतं. शेवंतीची पाटी डोक्यावर घेऊन अंबू पाणी तुडवत यायची आणि दोघी मिळून नाशिकरोडच्या बाजाराला जायच्या.

मग खालच्या अंगाला बंधारा झाला. पाणी फुगलं, उतार बुडाला. पूल झाला तो पार लांब. बयाबाईचे गुडघे गेल्यावर जाणं-येणं सणावारावर आलं. एरवी दोघी आपापल्या काठावर उभ्या राहून हात हलवायच्या नि फोनवर बोलायच्या.

श्रावणातल्या एका सकाळी भाचा ललितचा फोन आला. "मावशी, आई गेली."

अंबू सवाष्ण गेली. तिला माहेरचं लुगडं नेसवायला बयाबाईवाचून कोणी उरलं नव्हतं. तिनं पेटीतलं नवं हिरवं लुगडं काढलं. मुलगा महेश तिला मोटरसायकलवर घेऊन निघाला, तर पुलावर ट्रक आडवा झालेला, पोलीस माणूससुद्धा पलीकडं सोडत नव्हते. ललितला कळवलं, तो रडायलाच लागला. "आभाळ भरलंय मावशी, लाकडं भिजतील. मंडळी थांबत नाहीत."

"मला नदीवर ने," बयाबाई म्हणाली.

ती काठावर पोचली तेव्हा पलीकडच्या मसणवटीत तिरडी टेकली होती. लुगडं डोक्यावर धरून ती थेट पाण्यात शिरली. महेशनं कंबर धरली.

"आई, पुरुषभर पाणी हाय!"

"हितं पाय टेकतो रं! जल्मभर इथनंच गेलो आम्ही."

पण पाय टेकेना. पाणी छातीला लागलं. "अंबेऽऽ" तिनं हाक मारली. पलीकडून ललितनं दोन्ही हात जोडले. मग धूर निघाला.

तिनं लुगडं पाण्यावर सोडलं. बंधाऱ्याच्या पाण्याला ओढ कुठली? ते तिथंच पसरून राहिलं, तिच्या हाताशी. ती त्याला पुढं लोटत राहिली, "जा की गं, जा की," म्हणत. पावसाची सर आली तसं महेशनं तिला उचलून बाहेर आणलं.